सतराव्या होलवर वॉटीचं तोंड सुटलं

माझा थोरला भाऊ वॉल्टर ड्यूथी, म्हणजे वॉटी, धंद्यानं प्लंबर आणि स्वभावानं जमदग्नी. इन्व्हरकार्नमधल्या निम्म्या घरांचे नळ त्यानं बसवलेत आणि त्यातल्या निम्म्यांशी भांडणंही केलीत. पण समुद्रकाठच्या आमच्या गोल्फच्या मैदानावर सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी घेऊन त्याच्यासारखा ड्रॉ कुणी मारत नसे. चेंडू झेंड्याच्या उजवीकडून निघायचा आणि शेवटी अलगद डावीकडे वळून झेंड्यापाशी उतरायचा. सगळा ताबा मनगटांचा. ती जरा जास्त फिरली, की चेंडू डावीकडे पळत सुटतो.

आमचा धाकटा भाऊ गेविन नेमका तसाच, मनगटं पिळून मारायचा.

दोघांचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. कारण सांगायचीही मला लाज वाटते. शवपेटी खाली सोडताना कुणी कुठली दोरी धरायची, हे आमच्याकडे थोरला मुलगा ठरवतो. बाबांच्या वेळी वॉटीनं दोन नंबरची, पायाकडची मानाची दोरी बाबांच्या गोल्फमधल्या जोडीदाराला दिली आणि सख्ख्या भावाला चार नंबरची. गेविननं ती मुकाट धरली आणि चहालाही न थांबता निघून गेला. चुकलं म्हणायला वॉटीची जीभ रेटली नाही, आणि विचारायला गेविनची.

यंदा गावच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर आले. वॉटी एकसष्टचा, चार वेळा अंतिम सामना हरलेला. नोव्हेंबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन. म्हणजे जिंकायचं तर आत्ताच. त्याची काठ्यांची बॅग माझ्या, म्हणजे बहिणीच्या, खांद्यावर आणि पंच म्हणून निवृत्त शाळामास्तरीण मिस लोरिमर.

अठरा होलपैकी जो जास्त जिंकेल, सामना त्याचा; सोळा होलपर्यंत बरोबरी होती. सतराव्यावर वॉटीनं आपला ड्रॉ मारला आणि चेंडू झेंड्याजवळ थांबला. गेविनचा थेट डावीकडच्या ओढ्यात गेला. दंड घेऊन त्यानं नवा चेंडू टाकला, पुन्हा तसाच उभा राहिला, तशीच काठी हलवू लागला. होल वॉटीच्या खिशात होता. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

पण माझ्या शेजारी त्याचा श्वास फुसफुसायला लागला.

"वॉटी, बोलू नकोस," मी म्हटलं.

"अरे गाढवा!" तो ओरडलाच. "मनगटं कसली पिळतोस, फडकं आहे का ते? बाबांचा घसा बसला सांगून सांगून! पाय झेंड्याच्या उजवीकडे रोख, हात पुढे राहू देत आणि अंग फिरव! अंग!"

गेविननं काठी खाली केली. मिस लोरिमर पुढे आल्या. "वॉल्टर, प्रतिस्पर्ध्याला सल्ला दिलास तू. नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे हो! सल्ला दिला की होल गेला. होल त्याचा!"

"माझी काही तक्रार नाही," गेविन म्हणाला.

"तक्रार कुणी विचारली? नियम आहे," बाई म्हणाल्या.

अठराव्यावर गेविननं पाय उजवीकडे रोखले, हात पुढे ठेवले. चेंडू उजवीकडून निघाला, जेमतेम वळला आणि झेंड्यापासून चार फुटांवर थांबला. वॉटीचा शेवटचा लांबचा फटका होलच्या कडेनं निसटला. सामना गेला.

सामना संपला की टोपी काढून हात मिळवावाच लागतो. वॉटीनं हात पुढे केला. "चाळीस वर्षं लागली तुला, मूर्खा!"

"आधी नाही सांगता आलं?"

"विचारलंस कधी?"

गेविन हात सोडेना. "उद्या सहाला येतोस? परत दाखव."

"साडेपाचला ये. सहाला वारा फिरतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस लोरिमरनी रुमाल काढला. माझं मात्र टाळकं सटकलं. मी बॅग गवतावर आपटली.

"एवढंच होतं?" मी किंचाळले. "मेल्यांनो, अकरा वर्षं दर नववर्षाला मी गोमांसाच्या दोन-दोन पाई भाजल्या! एक घेऊन बाराला याच्याकडे, दुसरी घेऊन चारला त्याच्याकडे! दोन्हीकडे पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि दोन्हीकडे दुसऱ्याचं नाव गिळलं! यंदा एकच पाई होईल, माझ्या घरी. आणि कांदे तुम्ही दोघं चिरायचे!"