गुरुवारचं बाकडं

नारायणगावच्या एसटी स्टँडवर मी पुण्याच्या गाडीत चढले आणि आईनं तोंड फिरवलं. मागे एका ट्रकमध्ये टोमॅटोचे क्रेट चढत होते, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, आणि मी खिडकीतून वाट बघत होते. आमच्या वाडीत लेकरू परगावी निघालं की आई त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवते आणि तीच बोटं आपल्या कानशिलांवर कडाकडा मोडते. सगळी दृष्ट निघून जाते म्हणे. आईनं त्या दिवशी मला हातही लावला नाही. डाव्या गालावर पदर घट्ट दाबून, डोळे मिटून ती उभी होती. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीबरोबर चार पावलं चालले आणि ओरडले, "पोटभर खा, आन् कुनाला भिऊ नको." गाडी सुटली. खोडदच्या फाट्यापर्यंत मी रागावलेली होते, पुढे नुसती रडत होते.

तो स्टँड मला अजून दिसतो. ग्लासगोत सकाळी अर्धवट जाग येते, खिडकीबाहेर ट्रामच्या जुन्या रुळांसारखं करडं आभाळ असतं, आणि माझ्या पापण्यांच्या आत आई पदर गालावर धरून उभी असते. मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल, ही तिकडे मजेत आहे. माझ्यासारखेच निघून आलेल्यांनो, तुम्हाला ठाऊक आहे की आपण रोज थोडे थोडे त्याच स्टँडवर असतो.

आमची वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. भात, नाचणी आणि हंगामात हिरडा गोळा करायचा. नाणेघाटाकडून वारा सुटला की दारं आपटायची. त्या वाऱ्यात आई घराबाहेर पडायची नाही, जीपमध्ये बसली तर पदर तोंडावर ओढून घ्यायची. बायका म्हणायच्या, केवढी लाजाळू! कोणाला काही कळलं नव्हतं, मलाही नाही. ती दाढ धरून बसायची, म्हणून दाढच दुखते असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. लवंग झाली, चुना झाला, मिश्री तर दिवसातून कितीदा लावायची. शेवटी बाजाराच्या गावी एका दवाखान्यात दाढ काढली. दुखणं तसंच. मग शेजारची काढली. दुखणं तिथल्या तिथं, दाढा मात्र गेल्या. पुढे मी कॉलेजात असताना तिसरीचाही दिवस ठरला.

मी दातांची डॉक्टर व्हायला निघाले ती याच हट्टानं, की आईचं दुखणं मी काढीन. कॉलेजात मात्र पहिलं वर्ष तोंड मिटून काढलं. "व्हतं" म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. मग क्लिनिकला जायची पाळी आली आणि आमचे सर भेटले.

सरांची ओपीडी गुरुवारी असायची, चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या दुखण्याची. कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली, तिथे जायला कोणी उत्सुक नसे, कारण तिथे काही उपटायला, भरायला, बसवायला मिळत नसे. सर सगळ्यात आधी हत्यारांचा ट्रे झाकून ठेवायला लावायचे. माणूस तिखट, चहात साखर एक दाणा जास्त झाली तरी कप परत. त्यांना स्वतःला अर्धशिशीचा त्रास. तसा दिवस असला की खोलीचे पडदे ओढलेले, आणि आम्ही मांजरासारखे पाय न वाजवता फिरायचो. पेशंटसमोर मात्र ते एखाद्या म्हाताऱ्या मामासारखे स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "कुठे दुखतं ते राहू द्या. कसं दुखतं ते सांगा."

लोक सांगायचे आणि शहरातली मुलं माझ्याकडे बघायची. ठणका म्हणजे काय, सणक म्हणजे काय, भणभण कुठली, ओढ कुठली? मला सगळे शब्द येत होते. आमच्या घरात दुखणंच एवढं होतं! पिकलेल्या दाताचा ठणका असतो, तो ढोलासारखा वाजत राहतो. ताठरलेल्या जबड्याची ओढ असते, ती कानशिलांपर्यंत चढते. डोक्यावरून पाट्या वाहणाऱ्या, दात आवळून दिवस काढणाऱ्या बायका ती घेऊन यायच्या. आणि सणक येते विजेसारखी, येते आणि जाते. सरांनी एक दिवस सगळ्यांसमोर मला विचारलं, "हे सगळं कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "घरी." ते म्हणाले, "मग उद्यापासून यांना शिकव." मागच्या बाकावरची खसखस त्या दिवशी थांबली. आणि त्याच क्षणी मला आई आठवली, कारण वारा लागला की विजेसारखी कळ कोणाच्या गालात येते, ते मला तोंडपाठ होतं. मी ते इतकी वर्षं दाढदुखी समजत होते.

पुढच्याच गुरुवारी दादा आईला घेऊन आले. तिसरी दाढ काढायचा दिवस त्यांनी माझ्या शब्दाखातर टाळला होता. सरांनी आईला तिच्या सगळ्या दिवसाची हकिकत विचारली. तोंड धुताना काय होतं, भाकरी चावताना काय होतं, बोलताना काय होतं. आई आधी दादांकडे बघून बोलत होती, मग सरांकडे बघून बोलायला लागली. तिचं एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. "पोरगी शिकाया निघाली तवा तिच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडायची व्हती," ती म्हणाली. "पन माझ्या कानशिलाला बोट लागलं आन् सणक आली आसती, तर पोरीम्होरं आरडले आसते. म्हनून तोंड फिरवलं."

मी खिडकीकडे वळले. बाहेर गुलमोहर होता की नव्हता, आता आठवत नाही. मला फक्त स्टँड दिसत होता.

सरांनी सांगितलं, दोष दातांचा नाही, चेहऱ्याच्या नसेचा आहे. गोळी लिहून दिली. ती फिट येणाऱ्यांना देतात असं कंपाउंडरकडून कळल्यावर दादा उखडले, "आमच्याकडं कुनाला फिट न्हाई येत, सायेब!" हीच गोळी नसेची कळही शमवते, असं सरांनी न चिडता समजावलं, हेच मोठं आश्चर्य. गोळी हळूहळू वाढवली, मधूनमधून रक्त तपासलं, आणि काही आठवड्यांनी आई एकटी, उघड्या गालानं, आधी जीपमध्ये, मग एसटीत खिडकीशी बसून आली. खोलीत शिरली, सरांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सर लाजून पार लाल. मग त्यांनी आम्हा मुलांवर डाफरून घेतलं, "बघत काय बसलात? दात उपटायला जोर लागतो, न उपटायला धीर. हा धीर लिहून घ्या."

तो धीर घेऊन मी इतक्या लांब आले. इथल्या हॉस्पिटलात मी हेच काम करते. सुरुवातीला इथल्या म्हाताऱ्यांचं इंग्रजी मला कळायचं नाही, माझं त्यांना कळायचं नाही. एकदा जहाजांच्या गोदीत आयुष्य काढलेले एक आजोबा आले, मफलर गालावर धरून. मी विचारलं, कसं दुखतं? शब्द सापडेना तेव्हा त्यांनी हवेत बोटं फाटकन उघडली, वीज पडावी तशी. खोलीतला हीटर, भिंतीवरचे तक्ते, खिडकीतला पाऊस सगळं दूर गेलं आणि नाणेघाटाचा वारा आत आला. मी मराठीत म्हटलं, "कळलं बाबा." त्यांनाही कळलं असावं, कारण ते हसले.

सर गेले. बातमी आली तेव्हा मी एका पेशंटचा जबडा तपासत होते, आणि ते काम पुरं करून मगच बाहेर येऊन रडले. सरांना ते आवडलं असतं. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली, हॉलला नाव द्यावं की पुतळा, की सोन्याचं पदक. पंधरा दिवस नुसतं चऱ्हाट. तेवढ्यात नारायणगावात दवाखाना चालवणाऱ्या वैशालीनं, माझ्या वर्गमैत्रिणीनं, कोणाला न विचारता गुरुवारी दुपारी चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या दुखण्याची ओपीडी सुरू केली. बोलघेवडे बसले बोलत, तिनं करून दाखवलं.

दादा त्याआधीच गेले होते. आई वाडीत माझ्या धाकट्या भावापाशी. तिनं माझ्याकडे यावं, निदान वर्षातले काही महिने तरी, हा माझा ध्यास. तिच्यासाठी मी खोली तयार केली, खिडकीशी मऊ खुर्ची ठेवली, नाचणीचं पीठ कुठे मिळतं ते शोधलं. व्हिसा आला. ती येणार, मग माझं इथलं घर खरोखरीचं घर होणार, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

आणि तिनं फोनवर सांगितलं, "मी काय येत न्हाई."

मी विचारलं, का? गोळ्या? थंडी? विमानाची भीती?

"गुरवारी बाकड्यावर कोन बसंल मग?"

मला काही उमजेना. भावानं उलगडा केला. वैशालीच्या दवाखान्याबाहेर एक बाकडं आहे. आई दर गुरुवारी जीपनं जाते आणि त्यावर बसते. डोंगरातल्या, मार्केट यार्डातल्या बायका गाल धरून येतात, आणि सगळ्या एकच म्हणतात, दाढ काढून टाका. आई त्यांना आत जायच्या आधी गाठते. तोंड उघडून मोकळी जागा दाखवते. "ह्या दोघी बघा. लई गरीब व्हत्या, कायबी गुन्हा नव्हता. उगाच गेल्या. आधी डाक्टरीनबाईला कसं दुखतं ते सांगा, मंग बघू." ज्यांना सांगता येत नाही त्यांच्याकडून ती बाकड्यावरच वदवून घेते. वैशाली म्हणते, निम्मी ओपीडी बाहेरच होते.

मी फोन ठेवला आणि मला सरांचा खरोखर राग आला. जिवंतपणी विद्यार्थ्यांचे गुरुवार घेतलेत, आता जाताना माझी आईही घेऊन गेलात? दिवसभर चिडचिड केली. त्या मऊ खुर्चीत मीच बसून राहिले. बाहेर लोक मफलरमध्ये गाल लपवून जात होते.

इतकी वर्षं मला वाटायचं, घर तिकडे माझी वाट बघत थांबलंय, दारात, गालावर पदर धरून. मी परत गेले की ते हलेल, किंवा त्याला मी इकडे आणलं की माझी तहान भागेल. घर काही थांबलेलं नाही. ते कामाला लागलंय, आणि त्याला माझ्यासाठी सवड नाही. हे कळल्यावर दुखलं, खोटं कशाला बोलू? पण कसं दुखलं, असं सरांनी विचारलं असतं, तर ठणका नव्हता, सणकही नव्हती. खूप दिवस आवळून धरलेला जबडा सैल सुटावा तसं दुखलं.

आता मीच जाणार आहे, रजा मंजूर झाली. आईला सांगितलं तर म्हणाली, "ये की. पन गुरवारी आलीस तर आल्या आल्या मला बोलवू नको, बाया बसल्या आसत्यात. तूबी आपली बाकड्यावर सरकून बस."