दिपमालाची बोटं

दिपमाला माझ्या लक्षात आली ती पाचवीत, फळ्यावर सुविचार लिहिताना. रेघ न आखता सरळ ओळ लिहिणारी शिंदखेड्याच्या आमच्या शाळेत ती एकटीच होती.

पुढे ती मक्याचे दाणे गोठवणाऱ्या कारखान्यात लागली. एका डिसेंबरात तिचा हातमोजा फाटला. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आली तेव्हा उजव्या हाताची बोटं पांढरी आणि बधिर पडली होती. तिचे वडील निंबा अंगणात कपाशीच्या काड्यांची शेकोटी पेटवून बसले होते.

“हात आठे धर, माय,” ते जाळाजवळची जागा दाखवत म्हणाले. “चटका लागस का?”

“नही, बाबा. काहीच लागत नही.”

“मंग आखो जवळ धर.” तिनं हात आणखी जवळ नेला.

बधिर बोटांना चटका कळत नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दुपारी फोड आले. डॉक्टर म्हणाले, “गारठा वरवरचाच होता. न चोळता अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली असती, तर बोटं बरी झाली असती. ती आगीनं गेली.”

निंबा मला हे सांगत होते तेव्हा स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले होते.

दिपमाला आता गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. हजेरीवर सही ती डाव्या हातानं करते.