कागद ठेवा आणि या फिरून

"आजी, असे सुटे चौदा फोटो सर बघत नाहीत. सगळी पानं जोडून एकच फाईल ईमेल करा," मुंबईच्या हॉस्पिटलातली मुलगी फोनवर म्हणाली. "चारच्या आत. चारला सर निघतात."

तीन वाजून गेले होते. आमच्या गावात पानं जोडून फाईल करणारा एकच माणूस, आणि तो समोर खाटेवर ऑक्सिजनची नळी लावून पडलेला. कागद त्याच्याच हृदयाचे होते. ते बघून डॉक्टर ठरवणार होते, त्याला ऑपरेशनला घ्यायचं की नाही.

त्याची बायको त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, कसं करायचं ते सांगा की!"

त्यानं डोळे न उघडता दोन बोटं हलवली, कोंबड्या हाकलल्यासारखी. ती बोटं मी ओळखत होते. दुकानात आलेल्या प्रत्येकाला तो तशीच हलवायचा. "कागद ठेवा आणि या फिरून."

त्याचं झेरॉक्सचं दुकान घराच्या पडवीत. समोर रस्त्याकडेला मी मासळीची पाटी घेऊन बसते. माझी शाळा चौथीपर्यंत. मुलाच्या बोटीचे कागद सरकारला पाठवायचे असले की मी त्याच्याकडे जायचे. कागद हातात घेतला की तो आधी हुंगायचा.

"मावशी, अर्ज पाठवायचाय का जवळा?"

"नाक आवर नि काम कर."

"बरं. कागद ठेवा आणि या फिरून."

काम मात्र चोख. वाकडं पान सरळ केलेलं, मागची बाजू राहिली असली तर तीही घेतलेली. एकदा एक पान कमी म्हणून त्यानं मला दोनदा घरी पाठवलं. मी शिव्या दिल्या. त्या पानाशिवाय बोटीचा परवाना अडकला असता. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल.

एकदा मी हललेच नाही. म्हटलं, "दाखव तरी, काय करतोस ते."

त्यानं कॉम्प्युटर मला दिसू नये असा पलीकडे वळवला. "सगळ्यांना आलं तर माझ्याकडं येईल कोण, मावशी?" हसला.

त्याला मूलबाळ नव्हतं. कागदाच्या निमित्तानं माणसं यायची, बसायची. म्हणून मी गप्प बसले. बसायला नको होतं.

हॉस्पिटलचा फोन आला त्या दिवशी शिकलेली पोरं मुंबईला नोकरीवर, बाकीची समुद्रात. मी दुकानात शिरले. फोनवरची मुलगी एक करा म्हणाली, म्हणून मी झेरॉक्सच्या मशीनच्या काचेवर चार कागद दाटीवाटीनं मांडले, सुकट वाळत घालतात तसे, आणि हिरवं बटण दाबलं. चार कागदांचे तुकडे एका कागदावर छापून आले.

"हे न्हाय वो, मावशी," बायको म्हणाली.

"मग तू कर. तुला दाखवलं न्हाय कधी?"

"मला पण फिरून यायलाच सांगायचे."

गाडीत कुणी शिकलेलं भेटेल म्हणून तिचा फोन घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेले. मुरूडची गाडी उशिरा आली. कंडक्टर बाई तरुण होती. माझं ऐकून तिनं पायरीवर उभ्या उभ्याच फोनमधले चौदा फोटो निवडले, एक केले आणि पाठवले. दोन मिनिटं लागली. आतून एकजण ओरडला, "बाई, गाडी सोडा!" ती त्याच्यावर खेकसली.

तेव्हा साडेचार झाले होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पेशंटला घेऊन या. तो सकाळीच गेला होता.

फाईल चारच्या आत गेली असती तर वाचला असता का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

आदल्या दुपारी त्या घरात आम्ही तिघं होतो, आणि फाईल करायला येत होतं ते त्या एकट्याला. आता त्याची बायको आणि मी, आम्ही दोघीच आहोत.