बुधवारचे भूतबंगले

किश्श्यांचं लोणावळ्यातल्या भिंतीवरच्या बुरशीसारखं आहे. आज पुसून काढा, आठवड्यानं पुन्हा हजर! मी वायरमन. कुठल्या बंगल्याचा फ्यूज कधी उडाला हे लक्षात राहावं म्हणून वही ठेवतो. पुढच्या पानांवर फ्यूज आणि तारखा. मागच्या पानांवर मात्र आमच्या बुधवारच्या मंडळाचे किस्से साठत गेले. त्यातलेच हे थोडे.

* * *

मंडळाला सुरुवात झाली ती दत्तूभाऊंमुळे. भाऊ मूळचे जवळच्या भाजे गावचे. चोवीस वर्षं एका जुन्या बंगल्याची राखण करतात. मागच्या आउटहाऊसमध्ये ते आणि त्यांची बायको, आमच्या काकू, राहतात. बंगल्याच्या साहेबांची सक्त सूचना होती, की दमट हवेनं टीव्ही खराब होतो, म्हणून आठवड्यातून एकदा दोन तास तो चालू ठेवायचा. शनिवार-रविवारी पाहुणे असायचे, त्यामुळे भाऊंनी बुधवारची दुपार धरली. कपाटात सीडींचा ढीग होता, आणि साहेबांना शौक एकच, भूतबंगल्याचे सिनेमे! हिंदी, इंग्रजी, काळे-पांढरे, रंगीत, सगळे.

पहिल्या बुधवारी भाऊ एकटेच बसले. दुसऱ्या बुधवारी मला फोन.

"वायरमन, टीव्हीत कायतरी बिघाड हाय. लवकर या."

स्कूटर काढून गेलो. टीव्ही ठणठणीत!

"भाऊ, बिघाड कुठाय?"

"बिघाड न्हाई वो. एकट्यानं बघवंना!"

* * *

मग सुलामावशी आल्या. मावशी हा बंगला धरून आमच्या भागातल्या पाच बंगल्यांची झाडलोट करतात. एका हिंदी सिनेमात शंभर वर्षं बंद असलेली हवेली उघडली. दारात जाळी, जिन्यावर जाळी, हिरॉइनच्या केसांत जाळी. आम्ही श्वास रोखून बसलेलो.

"थांबवा!" मावशी ओरडल्या.

भाऊंच्या हातातला रिमोटच पडला. "काय झालं?"

"ते झुंबर बघा. सगळीकडं जाळी आन् झुंबर चकाचक! एक झुंबर पुसाया माझी आख्खी सकाळ जाती. शंभर वर्षं ते पुसलं कुणी?"

"मावशी, भुतानं पुसलं असेल," मी म्हणालो.

"मग ते भूत मला द्या लावून. हाताखाली घेते!"

* * *

चौथे कांबळेमामा. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून रिटायर झालेले. भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, पण एकही बुधवार चुकवत नाहीत.

एका इंग्रजी सिनेमात कुटुंब नव्या घरात राहायला येतं. पहिल्या दिवशी नळाला लाल पाणी. दुसऱ्या दिवशी भिंतीतून आवाज. तिसऱ्या दिवशी खुर्ची आपोआप सरकते. तरी मंडळी जेवायला टेबलावर हजर! मामा अस्वस्थ झाले.

"तीन वेळा रेड सिग्नल दिलाय त्यानं! तीन वेळा! आणि हे गाडी पुढेच हाणतायत."

"पर भूत वाईटच की वो," मावशी म्हणाल्या.

"वाईट कसं? ड्यूटी चोख करतंय बिचारं. माझ्या केबिनला असतं तर मी त्याला प्रमोशन दिलं असतं!"

* * *

मी वहीत तक्ताच आखला होता. सिनेमा कुठला, दारं किती करकरली, दिवे कितीदा गेले, माणसं कितव्या इशाऱ्याला घर सोडून पळाली. हिंदीत दिवे गेले की लगेच मेणबत्ती आणि पाठोपाठ गाणं. इंग्रजीत दिवे गेले की बाप टॉर्च घेऊन तळघरात. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. मेन स्विचकडे कुणी बघत नाही!

एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "काही नाही, ओलीनं एमसीबी ट्रिप झालाय. खटका वर करा, संपलं."

मावशींनी वळून बघितलं. "तुमी गप बसा. पाच मिनिटांत सिनेमा संपिवताल!"

* * *

दत्तूभाऊंचं लक्ष मात्र एकाच माणसावर. हिंदी सिनेमात दारात कंदील घेऊन उभा असलेला म्हातारा नोकर. "ऊपर मत जाइए, साब," असं तो सांगतो. कुणी ऐकत नाही, आणि मध्यंतराच्या आत तो मरतो. तो मेला की भाऊ उठून बंगल्याला एक चक्कर मारून येत.

इंग्रजी सिनेमांबद्दल त्यांचं मत एकदम साफ होतं. "घर एवढं मोटं, आन् राखणदारच न्हाई. मग रिकाम्या घरात भूत शिरंल न्हाईतर काय व्हईल?"

* * *

साहेब गेले. पुण्यातल्या मुलानं बंगला विकायला काढला. एजंट भाऊंना सरळच म्हणाला, "नवे लोक स्वतःची सिक्युरिटी आणतात, भाऊ. आउटहाऊस पाडून तिथे स्विमिंग पूल होईल. तुम्ही आपली सोय बघा."

त्या बुधवारी सिनेमा लागलाच नाही.

"भाज्यात भावांची घरं हाईत," भाऊ म्हणाले. "माजं न्हाई. ह्या वयात तुमच्या काकूला घिऊन कुटं जाऊ?"

मामांनी खुर्ची पुढे ओढली. "भुताचं घर कोण घेतं? इतके सिनेमे कशासाठी बघितले मग आपण?"

लगेच मीटिंग बसली. इंग्रजी सिनेमातून करकरणारं दार घेतलं. ते भाऊंकडे, बिजागरीला तेल घालायचं नाही. हिंदीतून जाळी घेतली. ती मावशींकडे, आठवडाभर वरच्या खोलीला झाडू लावायचा नाही. दिवा लुकलुकायचं काम माझ्याकडे. जिन्यावरच्या होल्डरचं कनेक्शन लूज होतंच, ते फक्त तसंच ठेवायचं.

"आणि गिऱ्हाइकानं विचारलं, की हळूच सांगायचं, वर कुणीतरी आहे," मामांनी भाऊंना बजावलं. "एवढंच. बास!"

* * *

गिऱ्हाईक भरदुपारी आलं. रिटायर झालेल्या एक शिक्षिका आणि त्यांचे यजमान. बरोबर एजंट. आम्ही चौघं कामाच्या निमित्तानं आधीच हजर.

भाऊंनी दार उघडलं. आवाज नाही! मी त्यांच्याकडे बघितलं. ते पुटपुटले, "पावणं येणार म्हटल्यावर हात गेलाच वो तेलाकडं."

सगळे वरच्या खोलीत गेलो. फरशीत तोंड दिसत होतं. मामांनी मावशींकडे डोळे वटारले.

"माझ्याच्यानं न्हाई बघवलं," मावशी पदराआडून म्हणाल्या. "चार दिवस झोप न्हाई मला."

जिन्यावरचा दिवा स्थिर जळत होता. त्याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

"इतकं मेन्टेन केलेलं घर अख्ख्या लोणावळ्यात मिळणार नाही, मॅडम!" एजंट खुशीत आला होता. भाऊंचा चेहरा उतरला.

बाई खाली आल्या आणि थेट भाऊंसमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, एक विचारते. खरं सांगा. या घरात काही आहे का?"

मामांनी मागून भाऊंना कोपरानं ढोसलं. एका शब्दाचं काम होतं! व्हय म्हणायचं, की आउटहाऊस वाचलं. भाऊंनी तोंड उघडलं. मिटलं. मग कानापर्यंत लाल झाले.

"काय म्हंता बाई! चोवीस वर्षं रोज दिवाबत्ती करतोय, झाडून घेतोय, खिडक्या उघडतोय. माझ्या हाताखालच्या घरात भूत? त्याला उभं ऱ्हायाला तरी जागा ठेवलीय का मी?"

मावशींनी कपाळाला हात लावला. मी जमिनीकडे बघायला लागलो.

बाईंनी एकदा यजमानांकडे बघितलं. मग एजंटकडे वळल्या. "कागद तयार करा. पण त्यात आधी लिहा, आउटहाऊसला हात लागणार नाही, आणि हे भाऊ तिथेच राहतील."

एजंटला काही उमजेना. "मॅडम, पण तुम्ही बाकीचे बंगले तर एका मिनिटात नको म्हणालात!"

"म्हणणारच. सात बंगले बघितले आम्ही. सातही ठिकाणी राखणदारानं बाजूला घेऊन हळूच सांगितलं, वर कुणीतरी आहे म्हणून. नाही म्हणणारा माणूस आज पहिला भेटला!"

भाऊ मटकन खाली बसले. मावशी डोळे पुसत पाणी आणायला आत पळाल्या.

मामा माझ्या कानाशी वाकले. "त्या सातातल्या तिघांना मीच शिकवलं होतं."