टेमरमावशीचं वजन

टेमरमावशी जन्मली कालव्यावरच्या बोटीत आणि लग्न होऊन गेली तीही दुसऱ्या बोटीत. घरात झोपायची वेळ आली की पलंग हलत नाही म्हणून तिला मळमळायचं.

स्टोकहून कपबशा घेऊन तिची बोट अँडर्टनला यायची. इथे कालवा वर टेकडीवर, वीव्हर नदी पार खाली, आणि मध्ये आमची बोटींची लिफ्ट. पाण्याने भरलेल्या लोखंडी हौदात बोट शिरली की मी दरवाजा लावतो. मग हौद पाण्यासकट, बोटीसकट खाली नदीपाशी जातो. मावशी मात्र आधीच उतरून, बोट ओढणाऱ्या घोड्याला घेऊन उतारावरून चालत जायची.

"मी बसले तर तुमचे खांब वाकतील," म्हणायची. देहाने ती भरभक्कम होती, हे खरं. ती ज्या बाजूला बसे, त्या बाजूला बोट जराशी झुकायची.

पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, उतार झेपेना. मुलगा ईनॉक मला म्हणाला, "गावात खोली बघितलीय. या खेपेनंतर आई तिथेच राहील."

मावशी केबिनच्या दारात बटाटे सोलत होती. सुरी थांबली.

"मावशी, उतरू नका," मी म्हणालो. "हौदात ती पांढरी रेघ दिसते ना? पाणी तिथवर असतं. बोट आत येते ती आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर कालव्यात ढकलूनच. बोट असो वा नसो, हौदाचं वजन तेवढंच."

"बोटीचं ठीक आहे. माझं काय?"

"तुम्ही बोटीतच की. दरवाजा लावल्यावर उडी मारून आलात, तर मात्र विचार करावा लागेल."

मावशीने सुकाणू धरलं, मी दोर ओढला. बोट आत सरकली. तिची नजर रेघेवर खिळलेली. पाणी रेघेवरच राहिलं. मी दरवाजा लावला.

"म्हणजे इथे मला वजनच नाही?"

"या लिफ्टवर तरी नाही."

"नवरा हयात असताना सांगायचं होतंस रे."

हौद उतरू लागला. मावशीने किटलीतला चहा ओतून घेतला आणि टेकडीकडे पाहिलं. ईनॉक घोड्याला घेऊन घसरत, ठेचकाळत उतरत होता.

"सावकाश ये रे बाळा," ती ओरडली. "आणि ती खोली तूच घे. लग्न झाल्यावर लागेल."