आग्रह कोण करणार?

साहेबरावाच्या गावाकडे एक रीत होती. "जेवून जा" म्हटलं की पाहुण्यानं "नको, आत्ताच जेवलोय" म्हणायचं. पुन्हा म्हटलं तरी पुन्हा नको. तिसऱ्यांदा हात धरून बसवलं की मगच पाटावर बसायचं. पहिल्या हाकेला बसला तो हावरट! बरं, ही रीत जेवणापुरती ठेवावी की नाही? पण हा गडी ती घेऊन पिंपरीच्या कंपनीत आला.

साल होतं सहासष्ट. फोरमन दौलतरावांनी नव्या माणसांना विचारलं, "ड्रिल मशीन कुणाला येतं?"

साहेबरावानं पुण्यातल्या वर्कशॉपात वर्षभर तेच काम केलं होतं, आणि हातही चांगला बसला होता. तरी म्हणाला, "न्हाई साहेब, आपल्याला कुठलं जमायचं!" आणि हसत उभा राहिला. आता फोरमन म्हणतील, अरे जमेल की, बस. फोरमन पुढे गेले.

शेजारी त्याच्याच गावचा चिमाजी उभा होता. त्यानं जन्मात ड्रिल पाहिलेलं नव्हतं. "मला येतं!" तो ठणकावून म्हणाला. पुढं त्यानं ड्रिलं मोडली, शिव्या खाल्ल्या आणि ऑपरेटर झाला. साहेबराव हेल्पर झाला. चिमाजीच्या मशीनखालचा लोखंडाचा बुरा झाडायचं काम त्याच्याकडे आलं.

बायको कस्तुरा चिडायची. "अवं, बोलणाऱ्याची बोरं इकत्यात. एकदा तरी 'येतं' म्हना."

"आपल्या तोंडानं कसं म्हनायचं? त्यास्नी दिसंल की."

कपाळ दिसणार! पुढेही एकदोनदा विचारणा झाली. यानं तेच उत्तर दिलं, तशीच वाट पाहिली आणि तो हेल्परच राहिला.

मुलगी प्रभावती मात्र बापाच्या वळणावर गेली नव्हती. मॅट्रिक झाली, टायपिंगची परीक्षा पास झाली. "मला नोकरी लागणारच," असं दापोडीच्या गल्लीत उघड सांगायची. बायका हसल्या तर पुन्हा सांगायची. बापाला लाज वाटायची, आणि खरं सांगायचं तर आतून फार बरंही वाटायचं.

एक्याऐंशी साली त्याच कंपनीत टायपिस्टची जागा निघाली. धुतलेला शर्ट घालून साहेबराव तिच्यासोबत गेला. ऑफिसातल्या साहेबांनी दोघांनाही आत बोलावलं.

"टायपिंग कसं आहे तुझं?" साहेबांनी प्रभावतीला विचारलं.

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाप बोलला, "कसलं साहेब, अजून कच्चीच हाय पोरगी."

"सर, मी पास झालेय, मला..."

"गप. मोठ्यांच्या मधी बोलू नगं." साहेबराव हात जोडून, हसत उभा राहिला. आता साहेब म्हणतील, असू द्या हो, बघू तरी.

"मग पक्की झाली की आणा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या मुलीला आत बोलावलं.

घरी कस्तुरानं ताटं वाढली.

"आजून एक भाकरी घे की, पोरी," साहेबराव म्हणाला.

"नको."

"घे गं."

"नको म्हणलं ना."

त्याला वाटलं, तिसऱ्यांदा म्हटलं की घेईल. त्यानं भाकरी तिच्या ताटाशी नेली. प्रभावतीनं ताटावर हात आडवा धरला.

"आबा, मला टायपिंग येतं."

हे तिनं सांगितलं ते बापाला. ज्याला सांगायचं होतं, त्यानं दुपारीच दुसरी मुलगी कामावर घेतली होती.