पाच फूट अकरा इंचांचा कोट

डेल्फा स्टिडम जेलमधून सुटणाऱ्यांतून नवरा निवडतेय, ही बातमी आमच्या गावात पहिल्यांदा फुटली ती माझ्या रोवेनामावशीच्या केस कापायच्या दुकानात. मावशीनं म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डेल्फा रोज सकाळी लायब्ररीतल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसते, काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जेलमधल्या कैद्यांची यादी उघडते आणि एकेका बाप्याची उंची नि वजन वहीत उतरवून घेते.

"पाच फूट दहा, एकशे नव्वद पौंड. पाच फूट आठ, दोनशे वीस," गिऱ्हाइकाच्या ओल्या डोक्यावर कंगवा थांबवून मावशी सांगायची. "अगं, सणाचा टर्की घेतानासुद्धा मी एवढी चिकित्सा करत नाही!"

"एकसष्टाव्या वर्षी हे?" डोकं विचारायचं.

"मग काय! बाहेरच्यांनी पळ काढला असेल. हे बिचारे आत असतात, पळणार कुठं?"

डेल्फानं आमच्या शाळेच्या खाणावळीत सव्वीस वर्षं वाढलेलं. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लंय आणि सगळ्यांच्या कानात तिचा आवाज आहे: जाड, सावकाश, मऊ पावावर रस्सा ओतल्यासारखा पसरत जाणारा आणि शेवटी टोकाला उगाच वर चढणारा. हा आवाज मला इतका हुबेहूब जमायचा, की जेवणाच्या सुट्टीत पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. "जरा वळून उभे राहा बरं, दादा. खांदे बघू. हां. आता दात." टेबलं बडवून हसायची सगळी. मीही हसायचे.

तर, नवरा नव्हे. कोट.

आमच्या काउंटी जेलची रीत अशी, की आत जाताना अंगावर जे होतं तेच बाहेर पडताना परत मिळतं. जुलैत पकडलेला माणूस जानेवारीत सुटला, तर तो जुलैचाच सुटतो. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, रबरी चपला, हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत मेलेला फोन. बाजूचं दार उघडतं ते सरळ गाड्या लावायच्या पटांगणात. पलीकडे हमरस्ता, आणि केंटकीतल्या डोंगरांवरून येणारा वारा. यादीत प्रत्येकाचा फोटो असतो, पकडल्याची तारीख असते, उंची-वजन असतं. तारखेवरून डेल्फाला कळायचं अंगावर काय असेल. उंची-वजनावरून कळायचं कोट कुठला लागेल. तिच्या हिरव्या ब्यूक गाडीच्या मागच्या सीटवर चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेल्या कोटांची थप्पी असायची, प्रत्येकाला टाचणीनं लावलेली मापाची चिठ्ठी.

मला हे कसं कळलं, तर पकडली गेले म्हणून. लायब्ररीत पुस्तकांच्या रॅकमागे मी दोन मैत्रिणींना "आता दात" करून दाखवत होते. मैत्रिणींची तोंडं एकदम गोठली. मागे डेल्फा.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

"सॉरी, मिस डेल्फा."

"सॉरी नको. पुन्हा कर. मी ऐकलंच नाही नीट."

केलं. दुसरं काय करणार?

तिनं मान तिरकी करून, सूप चाखल्यासारखं ऐकलं. "आवाज बरा आहे. पण 'दादा' मी कुणाला म्हणत नाही. 'बेटा' म्हणते. पन्नाशीचा असला तरी." मग माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "अजून काडीच आहेस. काही खातेस का घरी? ये इकडे, बस. ज्याची नक्कल करायची तो काय करतो ते तरी बघ."

बसले. आणि मग रोजच बसायला लागले, शाळा सुटल्यावर, तिच्या शेजारच्या खुर्चीवर. डेल्फा आता दुपारीही यायची. तिच्या घरी, वर खोऱ्यात, इंटरनेट पोचत नाही.

आमच्या काउंटीतल्या कोटांचं काम पाच मिनिटांत उरकायचं. मग ती दुसऱ्या काउंटीची यादी उघडायची. मग तिसऱ्या. केंटकीत एकशे वीस काउंट्या, नदीपलीकडे ओहायोत अठ्ठ्याऐंशी, आणि प्रत्येकीचं पान वेगळं. कुठं सुटलेल्यांची नावं तीन दिवस राहतात, कुठं एकच दिवस, कुठं माणूस सुटला की नावही सुटलं. एकदा पुसलं गेलं की कचेरीत जाऊन अर्ज भरायचा आणि आठवडे वाट बघायची. प्रत्येक पानावर ती एकच नाव टाकायची: स्टिडम, कोय.

"कोण हा?"

"धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता. मीच वाढवला." तिनं पान पुढं सरकवलं. "नाही. इथंही नाही."

"मग बरंच झालं की! जेलमध्ये नाही म्हणजे."

"बरंच झालं?" ती माझ्याकडे वळली. "सहा वर्षांत एक ओळ नाही त्याची. यादीत नाव असलं, तर तो जिवंत आहे एवढं तरी कळेल. मी रोज सकाळी देवाकडे मागते, माझा भाऊ आज कुठल्यातरी जेलमध्ये असू दे. असलं मागणं ऐकून देव काय म्हणत असेल गं?"

मी पुढच्या काउंटीचं पान उघडून दिलं.

बाकीचं तिनं तुकड्यातुकड्यांत सांगितलं, पानं उघडता उघडता.

कोयला जुलैत पकडलं होतं, दुसऱ्याच्या ट्रकमध्ये दुसऱ्याच्या नशेच्या गोळ्यांसकट. जानेवारी उजाडला तरी तो आतच. त्या मंगळवारी डेल्फानं सकाळी आठला यादी बघितली. कोय आत. ती शाळेत गेली, राजमा-कॉर्नब्रेड वाढलं, भांडी आवरली. आमच्या काउंटीचं पान सकाळी आठला एकदाच नवं होतं आणि मग दिवसभर तसंच राहतं, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. न्यायाधीशानं दुपारी बारा वाजता सुटकेच्या कागदावर सही केली.

पावणेतीनला ती घरी निघाली. बर्फ पडत होतं. जेल आणि पूल यांच्या मधला जो पट्टा आहे, तिथं सरकारी पाटी आहे: अनोळखी माणसांना गाडीत घेऊ नये. पाटी नसती तरी आम्हाला ते पाठच असतं. आमच्याकडे पोरीला गाडी शिकवताना ब्रेक कुठं ते नंतर सांगतात, आधी हे सांगतात, की जेलपासून पुलापर्यंत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा नाही. माझ्या आईनंही मला हेच सांगितलंय.

"पाठमोरा माणूस चाललेला," डेल्फा म्हणाली. "मान खाली, पांढरा टी-शर्ट, हातात पिशवी. मी गाडी जरा लांबून काढली. चिखल उडू नये त्याच्या अंगावर म्हणून. एवढी दया केली मी."

"आरशात बघितलं नाहीत?"

"आरशात बघितलं की थांबावंसं वाटतं. म्हणून बघायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं पान उघडलं. स्टिडम, कोय. सुटका: काल, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. पांढरा टी-शर्ट तिला तेव्हा आठवला.

तो खोऱ्याच्या तोंडाशी राहणाऱ्या चुलत भावाकडे पोचला होता. थंडीनं पायाची दोन बोटं गेली. चुलत भावाला एवढंच म्हणाला, "हिरवी गाडी डेल्फाचीच होती." बरा झाल्यावर नदीपलीकडे निघून गेला, आणि बहिणीला भेटला नाही.

मी हे ऐकल्यानंतरही जेवणाच्या टेबलावर पोरं मला म्हणायची, "ए, डेल्फा कर ना." मी रोवेनामावशी करायचे. मावशीवरही हसायचे ते. पण पहिल्यासारखं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी नाव सापडलं. ओहायो नदीच्या काठावरची, दोन तासांवरची एक काउंटी. फोटोतला माणूस कोणी म्हातारा वाटला मला. डेल्फा फोटोकडे बघतच नव्हती. तिचं बोट आकड्यांवर होतं.

"पाच फूट अकरा. बरोबर. एकशे अठ्ठावन्न." बोट थांबलं. "एकशे ऐंशी असायचा तो." मग तारीख. "ऑगस्ट. म्हणजे पुन्हा उन्हाळ्याच्याच कपड्यांत." आणि खाली, सुटका: गुरुवार.

या वेळी तिनं पानावर भरवसा ठेवला नाही. त्या जेलला फोन लावला. पलीकडचा माणूस तोंडात काहीतरी चघळत बोलत होता. (त्याचा आवाज मी आजही काढू शकते.) "दुपारच्या हजेरीनंतर, बाई. एकच्या सुमाराला. बाजूच्या दारानं. आणि हॉर्न वाजवू नका, साहेब चिडतात."

गुरुवारी बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली. डेल्फानं किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणून ब्यूक मी चालवली. माझ्या लायसन्सला तेव्हा चार महिने झाले होते. मागच्या सीटवर या खेपेला एकच कोट होता, नवा, दुकानातला, तपकिरी.

"ही गाडी बदलत का नाही तुम्ही? हीटर खोकतोय," मी म्हटलं.

"कोयला ओळखायला हवी ना. कुठं रस्त्यात दिसली तर."

तिनं मागं वळून कोटाची कॉलर सारखी केली. मग तीच म्हणाली, "तो गाडीत बसणार नाही."

"बाहेर काय थंडी आहे बघताय ना? या थंडीत सैतानसुद्धा बसेल."

"सैतान बसेल. कोय नाही बसणार."

"लावता पैज?"

"पेप्सी आणि खारे दाणे."

"लागली!" मी स्टिअरिंगवर थाप मारली. वाटलं होतं, तिला हरायचंच आहे, मग मी जिंकणारच.

एक वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. अर्ध्या बाह्या, पिशवी. पायात बूट होते, पण उघडे, नाड्यांशिवाय. तो किंचित एका बाजूला झुकून चालत होता. डेल्फा गाडीतून उतरली, कोट छातीशी धरून. मी काच खाली केली.

"कोय."

तो थांबला. तिच्याकडे नाही, आधी गाडीकडे बघितलं त्यानं. "अजून हीच?"

"तुला ओळखू यावी म्हणून ठेवली."

"ओळखली," तो म्हणाला. "तेव्हाही ओळखली होती."

तिनं कोट पुढं केला. त्यानं घातला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत आल्या, पण बाकीचा कोट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत राहिला. पानावरचं वजन ऑगस्टचं होतं.

"मी बघितलं नाही रे, बेटा. तू आहेस ते मी बघितलंच नाही."

"माहिती आहे. त्या पट्ट्यात कुठली बाई थांबते? मीच तुला सांगितलं असतं, थांबू नकोस." त्याचा आवाज तिच्यासारखाच होता, जाड, सावकाश, फक्त शेवटी वर चढत नव्हता. "तुझं काही चुकलं नाही, डेल्फा."

"मग बस की गाडीत. राजमा केलाय. डबा आणलाय."

त्यानं डबा घेतला. काखेत धरला. "बसस्टँड जवळच आहे. चालत जातो."

"दीड मैल आहे!"

"चालत जातो," तो पुन्हा म्हणाला. शांतपणे. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

डेल्फा परत येऊन बसली. "त्याच्या मागं मागं घे. हळू." मी दिवे मिचकावत, माणसाच्या चालीनं, दीड मैल गाडी चालवली. मागून लोक हॉर्न मारत होते, मारू दे. त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. पण पदपथ संपला तिथं तो रस्त्यापासून जरा आत, बर्फातून चालायला लागला. आम्हाला पुढं जायला वाट करून दिल्यासारखा. आम्ही पुढं गेलो नाही. बसस्टँडच्या दारात त्यानं हात वर केला, आमच्याकडे पाठ असतानाच, आणि आत गेला.

बस सुटेपर्यंत आम्ही तिथंच होतो. ती कुठल्या गावची होती, ते डेल्फानं वहीत लिहून घेतलं.

गावाबाहेरच्या पंपावर मी गाडी थांबवली, आत जाऊन पेप्सीची बाटली आणि खाऱ्या दाण्यांची पुडी आणली, आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिनं एक घोट घेऊन जागा केली, सगळे दाणे बाटलीत ओतले, फेस खाली बसेपर्यंत अंगठा तोंडावर दाबून धरला. मग बाटली माझ्यापुढं केली.

"घे."

"तुम्ही जिंकलात, मिस डेल्फा. तुमची आहे."

"घे गं," ती म्हणाली. "मला नाही जाणार."